पट्ट्याचं सातवं भोक

बसा तुम्ही. मी चालता चालताच सांगतो, राग मानू नका.

मी स्वतःला लेखक म्हणवतो. नवं अ‍ॅप आलं की वापरून बघायचं आणि त्यावर रोज चार ओळी टाकायच्या, हा माझा उद्योग. गेल्या वर्षी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं: वर्षभर रोज दहा हजार पावलं, एकही खाडा नाही. मनगटावरचा बँड पावलं मोजणार, अ‍ॅप आकडा सगळ्यांना दाखवणार. वाचक भराभर वाढले. नवव्या दिवशी माझे गुडघे कुरकुरायला लागले आणि मी बँड काढून काड्याच्या हातात बांधला.

काड्या माझा शाळेपासूनचा मित्र. पार्सलं पोचवायचा, दिवसभर पायी. म्हटलं, तू चालतोसच, माझ्या नावाने चाल. तो हसला. मनगट इतकं बारीक की सहाव्या, शेवटच्या भोकातही पट्टा ढिला. मग त्याने सुई तापवून सातवं भोक पाडलं. तेही वाकडं.

तो चालायचा, मी लिहायचो. पायाला आलेल्या फोडांबद्दल, सकाळच्या हवेबद्दल. लोक शाबासकी द्यायचे. हळूहळू मला लाजही वाटेनाशी झाली.

वर्ष संपायला अकरा दिवस उरले होते तेव्हा त्याचा फोन आला.

"छातीत कसंतरी होतंय रे... आज घरी जाऊ का?"

मी अ‍ॅप उघडलं. दोन हजार पावलं बाकी होती.

"थोडंच राहिलंय," मी म्हणालो. "चाल."

चौथ्या मजल्याच्या जिन्यात गेला तो, पार्सल छातीशी धरून. त्या दिवशीचा आकडा होता दहा हजार चार.

त्याच्या ताईने मला विचारलं, शेवटचं काय बोलला तुझ्याशी? मी म्हणालो, काही नाही. बँड कुठेच सापडला नाही, असंही ती म्हणाली. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी त्याच्यावर गहिवरून लिहिलं. एवढी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवत होतो आणि आकडा हलला. चाळीस. दोनशे. संध्याकाळपर्यंत दहा हजार... मग रोज. खातं बंद केलं तर सकाळी ते पुन्हा उघडं असायचं, खाली लोकांचं अभिनंदन. अ‍ॅपच्या नकाशावर काड्याच्या फेरीची रेघ उमटायची आणि रोज तिचं टोक एकेक गल्ली माझ्याकडे सरकायचं.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, रेघ आमच्या इमारतीत शिरली. जिन्यात पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक मजल्यावर थांबत, धाप लागल्यासारखी. घरात ओल्या पुठ्ठ्याचा वास पसरला. मी कडी लावली आणि डोळे गच्च मिटून पलंगावर बसलो. पावलं दाराशी आली... थांबली.

डोळे उघडले तेव्हा बँड माझ्या मनगटावर होता. सातव्या भोकात. माझं मनगट त्याच्या दुप्पट आहे, पट्टा तिथवर पोचायलाच नको. कात्री लावली, तिची धार गेली. पट्टा तसाच आहे, मांसात रुतलेला.

बसलो की तो आवळतो आणि छातीत कसंतरी होतं. मग बंद फोनमधून माझाच आवाज येतो. "थोडंच राहिलंय... चाल."

काल ताईकडे गेलो, सगळं कबूल केलं. वाटलं, आता तरी तो सोडेल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून दार उघडलं आणि अगदी हळू म्हणाली, "चालता हो."

हा बघा आकडा. नाही, माझ्याकडे नको, आकड्याकडे बघा. मी एक पाऊल टाकतो... तो दोनने वाढतो.