फूटपट्टी आणि पेचकस

जिन्यात त्याच्या चष्म्याची दांडी निखळली आणि स्क्रू नेमका तिच्या पायाशी येऊन थांबला. तिने तो उचलला, एप्रनच्या खिशातून बोटभर पेचकस काढला आणि उभ्याउभ्या दांडी बसवून दिली.

"बघा आता... दिसतंय का नीट?"

"दिसतंय," तो म्हणाला. बघत मात्र तिच्याकडेच होता. ती उरलेला जिना हसतच चढली.

हसू काही टिकलं नाही. वर मॅनेजरसाहेबांनी त्याचीच ओळख करून दिली. चष्म्यांच्या या कारखान्यात कुठली टीम कशी चालते ते म्हणे हा मोजणार, आणि जी ढिली निघेल ती मोडून माणसं इकडेतिकडे वाटून टाकणार. तिच्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे जिन्यातलं ते बघणंही मोजमापच होतं तर.

फ्रेममध्ये भिंगं बसवणाऱ्या टीमची ती प्रमुख, सगळ्यांची ताई. एकमेकांवाचून पान हलत नसे त्यांचं. तिने सगळ्यांना कोपऱ्यात घेऊन बजावलं, "या फूटपट्टीसमोर कुणी कुणाला काही विचारायचं नाही. अडलं तरी गप्प. आपलं कुणाचं काही अडत नाही, असं दिसलं पाहिजे."

फूटपट्टी आठवडाभर खुर्ची टाकून बसली. तो तिच्यासाठी चहा घेऊन आला की तिला संशय, आणि विचारपूस केली की दुप्पट संशय.

"आज दमलेल्या दिसता."

"हेही लिहून घेणार का?"

"नाही... ते माझं मी लक्षात ठेवतो."

गोड बोलून काढून घ्यायची रीत असणार, तिने स्वतःला समजावलं. तरी कानाच्या पाळ्या गरम झाल्याच.

टीममधल्या सगळ्यात जुन्या काकांची नजर अधू झालेली. भिंगाची कड ते रोज तिच्याकडून तपासून घेत. त्या आठवड्यात बिचारे गप्प राहिले आणि बसवताना भिंग फुटलं. कुणी जागचं उठलं नाही. काकांनी मान खाली घालून एकट्याने काचा गोळा केल्या. तिला फार वाईट वाटलं.

शनिवारी सगळे घरी गेल्यावर तो तिच्या टेबलापाशी आला. "तुमची टीम सगळ्यात खाली आहे."

"का? कुणी कुणाला त्रास तरी दिला का?"

"तेच तर. अडलं की माणूस शेजारच्याला हाक मारतो का, एवढंच मी मोजतो. तुमच्याकडे कुणीच मारली नाही. पण अनोळखी माणसाचा चष्मा न मागता दुरुस्त करणारीची टीम अशी असेल, हे मला पटत नाही. आकडे अजून दिलेले नाहीत... खरं काय ते सांगा."

हा सापळा तर नसेल? बोलावं तर लबाडी उघडी पडणार, गप्प बसावं तर टीम जाणार. तिने काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"मीच त्यांना गप्प बसवलं. तुमच्या भीतीने. त्यांचा दोष नाही. सोमवारी परत मोजा."

"मोजतील. पण मी नाही, दुसऱ्या बाई येतील."

"का? रागावलात?"

"मला तुमच्या टीममधलं एकच माणूस दिसतं... अशाने माप घेऊ नये."

यावरही तिने रविवारभर संशय घेतला.

सोमवारी बाई आल्या, आणि "ताई, ही कड बघ"ने खोली दणाणून गेली. आठवडा संपताना बाईंनी साहेबांना सांगितलं की या टीमला हातही लावू नका.

ती खाली उतरली, तर जिन्याच्या पायथ्याशी तो उभा. हातात चष्मा, दांडी वेगळी.

तिने डोळे बारीक केले. "मी घट्ट केलेला स्क्रू निघत नाही."

"निघाला नाही. मी काढला... हाक मारायला दुसरं निमित्त सुचेना."

"पेचकस वर राहिलाय," ती म्हणाली. "हात धरा माझा. चष्म्याशिवाय जिना दिसायचा नाही तुम्हाला."

त्याने धरला. पेचकस तिच्या खिशातच होता.