पडद्यावरचा आकडा

“सुनेनेच पुसलंय. पुरावा द्या, तिला माहेरी पाठवतो,” मास्तर म्हणाले.

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी टेबलावरचा जुनाट कॉम्प्युटर पाहिला. सोबत त्यांचे दीर होते, वहिनींच्या भाषेत भाऊजी. मास्तरांचा मुलगा जाऊन दहा महिने झाले होते. जाण्यापूर्वी त्याने त्यावरच्या एका गेममध्ये केलेला विक्रम पडद्यावर त्याच्या नावासकट दिसायचा. आता तिथे शून्यं होती.

“रोज सकाळी पडद्याचं बटण दाबून त्याचं नाव बघायचो आणि पडदा बंद करायचो. आम्ही सगळे नात्यातल्या एका लग्नाहून दोन दिवसांनी परतलो, तर हे.”

“घरातून शेवटी कोण निघालं?”

“मीच. गॅस, नळ, मेन स्विच, सगळं बंद करून. माझ्याकडे हलगर्जीपणा चालत नाही.”

वहिनींनी गेमची फ्लॉपी काढली. कडेच्या खाचेवर चिकटपट्टी होती.

“तो गेल्यावर मी लावली,” मास्तर म्हणाले. “खाच झाकली की फ्लॉपीवरचं काही पुसता येत नाही.”

“काढून पुन्हा लावली असेल,” भाऊजी ऐटीत म्हणाले. पट्टीच्या कडेची धूळ मात्र जशीच्या तशी होती.

लग्नाआधी कॉम्प्युटर बघायला येऊन गेलेल्या मेकॅनिकने फोनवर हात झटकले. “मी फक्त मशीनच्या आतल्या पंख्याला तेल दिलं. तेही मशीन चालू ठेवून. सूनबाईंनी बंदच करू दिलं नाही. वीज गेली तर तासभर पुरेल अशी बॅटरी आहे म्हणाल्या.”

सून शांतपणे म्हणाली, “मीच पुसलं समजा. रविवारी जाते.”

वहिनींनी सगळ्यांना बसवलं.

“पट्टी हललेली नाही, म्हणजे फ्लॉपीवरचं काही पुसलेलं नाही. तरी आकडा गेला, कारण तो फ्लॉपीवर नव्हताच. हा गेम आकडा चालू मशीनच्या स्मरणात ठेवतो. मास्तर, तुम्ही फक्त पडदा बंद करायचात. मशीन दहा महिने चालूच होतं. बॅटरी तासभराची, आणि वीज दोन दिवस नव्हती.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “मेन स्विच,” ते पुटपुटले.

“हे सूनबाईंना ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी मेकॅनिकला मशीन बंद करू दिलं नाही.”

मास्तर सुनेकडे वळले. “मग बोलली का नाहीस?”

“माझ्यावर रागावून तुम्ही जेवत तरी होतात, बाबा. स्वतःवर रागावला असतात तर जेवणही सुटलं असतं.”

मास्तर रडू लागले. मुलगा गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं.

“जाऊ नकोस,” ते म्हणाले. “त्याच्या या खोलीत मला एकट्याला बसवणार नाही.”