खुर्चीतला छायादेह

तान्ह्या रेवाच्या आंघोळीची वेळ झाली की घरात रोज तोच तंटा.

"पाणी निवलं असंल. आण इकडं पोरीला," म्हणत कांचनबाई खुर्चीतून उठायला लागायच्या आणि न्हाणीघरातून त्यांची सून, रेवाची आई ईश्वरी ओरडायची, "आत्या, तुम्ही बसा बघू!"

कांचनबाई बसायच्या. सगळ्यांचं त्यांना हेच सांगणं होतं. मुलगा पृथ्वीराज कामाला निघताना पाण्याची बाटली हाताशी ठेवून तेच सांगायचा, शेजारच्या सुमनकाकू आमटीची वाटी आणून तेच सांगायच्या. ज्या बाईनं उभी हयात कऱ्हाड-चिपळूण एसटीत कंडक्टर म्हणून काढली, कुंभार्ली घाटाच्या वळणांवर दांडी न धरता तिकिटं फाडली, तिला फुफ्फुसाचा कर्करोग चौथ्या टप्प्यात आहे म्हटल्यावर कोणी पेलासुद्धा उचलू देत नव्हतं.

त्यांच्या गळ्याखाली एक मऊ, पातळ चकती चिकटवलेली होती. श्वास, ठोके, झोप, हालचाल, सगळं ती टिपायची आणि रुग्णालयातल्या यंत्राकडे धाडायची. कांचनबाई तिला बिल्ला म्हणायच्या. "एक बिल्ला महामंडळाला परत दिला, तर हा दुसरा गळ्यात आला. याला पगार नाही तेवढा!"

त्या टिपणांवरून यंत्र त्यांचा छायादेह घडवत होतं. छायादेह म्हणजे संगणकातलं त्यांचं दुसरं शरीर: तशीच फुफ्फुसं, तसंच काळीज, तीच गाठ. नव्या औषधाच्या चाचणीत शिरायचं तर औषध आधी छायादेहाला मिळायचं. त्यानं सोसलं तरच माणसाला. पूर्वी डॉक्टर विचारायचे, दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो, आणि लोक लाजेपायी नाहीतर आशेपायी काहीबाही सांगायचे. छायादेहाला काही विचारावंच लागत नव्हतं.

आणि ही चाचणी हाच आता रस्ता उरला होता. आजवर गाठीला थोपवून धरणाऱ्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या.

छायादेहाचा निकाल ऐकायला सगळे रुग्णालयात गेले आणि डॉक्टर नाझनीन मुल्ला यांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला, तेव्हाच ईश्वरीनं काय ते ओळखलं. रेवाच्या नाकापुढं बोट धरून रात्रीबेरात्री श्वास चालू आहे ना हे बघणारी ती. माणसाचा चेहरा वाचायला तिला वेळ लागत नसे.

"सोसलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "औषध दिलं की फुफ्फुसाला सूज येते. ती सगळ्यांनाच येते, पण पेलायला अंगात राखीव ताकद लागते. तुमच्या छायादेहात ती नाही, कांचनमावशी. तो गेला."

"गेला म्हणजे?" पृथ्वीराजनं विचारलं.

"म्हणजे मेला रं," कांचनबाईच म्हणाल्या. "माझ्याआधी मीच गेले. सुटका झाली म्हणायची."

पृथ्वीराज उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला. रेवा ईश्वरीच्या ओढणीचं टोक चघळत होती.

"मला तो बघता येईल?" ईश्वरीनं विचारलं. "मरताना नाही. साधा. त्याचा एखादा दिवस."

डॉक्टरांना नवल वाटलं, पण त्यांनी पडदा फिरवला. निळसर रेषांची एक बाई त्यावर बसलेली होती. दिवस भराभर सरकला. बाई उठली, मोरीपर्यंत गेली, येऊन बसली. जेवली. बसली. मान मात्र सारखी डावीकडं कललेली.

ती मान ईश्वरीनं ओळखली. घरी खुर्चीच्या डावीकडं न्हाणीघर होतं. तिथं रेवा रडत असायची.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ह्या बसल्यात कारण आम्ही बसवलंय. उठायला लागल्या की मीच ओरडते. ह्यांच्यानं उठवत नाही आणि ह्यांना उठू देत नाहीत, हे तुमच्या यंत्राला वेगळं कळतं का?"

डॉक्टर मुल्लांनी तो दिवस पुन्हा एकदा फिरवून बघितला. "नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "श्वास चढल्यावर तो किती लवकर जागेवर येतो, त्यावरून यंत्र राखीव ताकद जोखतं. यांचा श्वास चढलेला त्यानं कधी बघितलाच नाही. मग ताकद नाही असं त्यानं धरलं." त्या कांचनबाईंकडे वळल्या. "फेरनोंद करता येते. चाचणीची भरती बंद व्हायला आठवडा आहे. पण एक लक्षात घ्या, मावशी. नाटक चालायचं नाही. ताकद खरंच नसेल तर तेही दिसेल, आणि मग दुसरी संधी नाही. धाप ओसरली नाही तर थांबायचं, मला फोन करायचा."

"आठ दिवस मला मोकळं सोडताय?" कांचनबाईंनी विचारलं. "मग आधी हिला खुर्चीत बसवा. ही मला सुखानं काम करू देणार नाही."

घरी आल्यावर खुर्ची गच्चीवर गेली आणि आळीत बोभाटा झाला. कांचनबाई धुणं वाळत घालताना दिसल्यावर सुमनकाकू दारातच उभ्या राहिल्या. "अगं ईश्वरी, एवढ्या आजारी बाईला कामाला जुंपलंस? लोक काय म्हणतील?"

"पुढं सरका, पुढं सरका, दारात गर्दी करू नका!" आतून असा काही खणखणीत आवाज आला की सुमनकाकू खरोखरच पुढं सरकल्या. मग त्या आवाजाला खोकला लागला. बराच वेळ लागला. ईश्वरीनं पाण्याचा पेला भरला आणि तो हातात घेऊन ती जागेवरच उभी राहिली. पेला न्यायला कांचनबाई स्वतः आल्या.

पृथ्वीराजला हे बघवत नव्हतं. "आईला काही झालं तर?" तो रात्री म्हणाला. ईश्वरीलाही तीच भीती होती, फक्त तिची भीती आता दोन्ही बाजूंनी होती: उठू दिलं तरी आणि बसवलं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांचनबाईंनी न्हाणीघरात पाट मांडला, त्यावर बसून पाय लांब केले आणि नडग्यांवर रेवाला पालथी घेतली. खोबरेल तेल कोमट करून आणलेलं होतं. त्यांचे हात पोरीच्या पाठीवरून फिरू लागले, खांद्यापासून टाचेपर्यंत, दाबून, न घाबरता. ईश्वरीला हे कधी जमलं नव्हतं. तिच्या हातात रेवा मासोळीसारखी वळवळायची. इथं ती कान टवकारून गप्प पडून होती.

अंग चोळून झालं आणि पहिला तांब्या ओतताना धाप लागली. कांचनबाई थांबल्या. तोंड उघडं, खांदे वरखाली. चकतीवरचा इवला हिरवा दिवा पिवळा झाला. ईश्वरी उंबऱ्यावर उभी होती. हात आपसूक पुढं गेले, ते तिनं मागं घेतले आणि ओढणीत गुंडाळले. फोन कमरेला खोचलेला होता. आता धावले तर यंत्राला पुन्हा तीच बसलेली बाई दिसेल. नाही धावले तर...

रेवानं मान उचलून आजीकडं बघितलं आणि फरशीवर साचलेल्या पाण्यावर फटकन हात मारला.

कांचनबाईंच्या तोंडावर शिंतोडे उडाले. त्या दचकल्या, शिंकल्या, हसल्या. खांदे हळूहळू खाली आले. दिवा हिरवा झाला. त्यांनी तांब्या भरला.

"काय बघतीस?" त्या मान न वळवता म्हणाल्या. "टॉवेल आण."

ईश्वरीनं टॉवेल आणला. डोळे पुसूनच आणला.

आठवडा संपला. रुग्णालयात पडद्यावरची निळी बाई आता बसत नव्हती. वाकत होती, धुणं पिळत होती, दमून भिंतीला टेकत होती आणि पुन्हा उठत होती. डॉक्टरांनी तिला औषध दिलं. फुफ्फुसाला सूज आली, श्वास तुटक झाला, निळ्या रेषा फिकट होत गेल्या. ईश्वरीनं नकळत पडद्यावरच्या नाकापुढं बोट धरलं.

आणि रेषा पुन्हा गडद झाल्या. बाईनं दीर्घ श्वास घेतला, तो जागेवर आला. पडद्यावरच्या पुढच्या दिवसांमध्ये गाठ आकसू लागली.

"पात्र!" डॉक्टर मुल्ला जवळजवळ ओरडल्याच, आणि मग स्वतःच्याच आवाजाला लाजल्या. पृथ्वीराजनं आईला मिठी मारली ती सोडेचना.

"सोड की मर्दा, धाप लागतीया!" कांचनबाई म्हणाल्या.

पहिला डोस पुढच्याच आठवड्यात मिळाला. नर्सनं सलाईनची नळी जोडली, विचारलं, "सुरू करू ना, मावशी?" कांचनबाईंनी डोक्यावरची नसलेली दोरी दोनदा ओढली. "टिंग टिंग! जाऊ द्या!" अख्खा वॉर्ड हसला. सूज आली, तापही आला, आणि छायादेहानं दाखवलं होतं तसं दोन्ही उतरलं. महिन्याभरानं काढलेल्या छातीच्या चित्रात गाठ निम्मी उरली होती. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत पेढ्यांचा पुडा ईश्वरीनंच फोडला.

पेढा डॉक्टरांच्या हातावर ठेवताना तिला एकदम आठवलं. "ती पहिली कुठं असते आता? खुर्चीतली?"

"साठवणीत. नाकारलेले सगळे छायादेह आम्ही ठेवतो."

"बघू?"

डॉक्टरांनी पडदा उजळला. निळ्या रेषांची माणसं, ओळीमागून ओळी. कोणी पलंगाला टेकून, कोणी दाराशी, कोणी भिंतीकडं तोंड करून. म्हातारे, बायका, एक तरणा मुलगाही. बहुतेक सगळे बसलेले. आणि बऱ्याच जणांच्या माना कुठंतरी कललेल्या.

पेढा डॉक्टरांच्या हातात तसाच राहिला होता.

रेवाला कडेवर सावरत ईश्वरी पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"डॉक्टर, यातली खरंच उठू न शकणारी किती आणि आमच्यासारख्यांनी मायेनं बसवलेली किती, हे यांच्या घरी जाऊन कोणी विचारलंय का?"