पडावावरचा हौद

धुळ्याबाहेर आग्रा रोडला लष्कराचा पडाव होता. कूच करणाऱ्या पलटणी तिथे मुक्काम करायच्या, म्हणून सरकारने पंचवीस एकर माळ, एक विहीर आणि घोड्यांसाठी लांबलचक दगडी हौद राखून ठेवला होता. चौदा सालच्या लढाईवर समुद्रापार गेलेल्या घोडेस्वारांच्या रिसाल्यानंतर तिथे कोणी फिरकलं नव्हतं. तरी सुपडू चौकीदार हद्दीचे दगड दर दिवाळीला चुन्याने रंगवी आणि रोज सकाळी मोट हाकून हौद काठोकाठ भरी. बत्तीस साली सरकारने हात आखडता घेतला आणि पडाव हवा की नको हे पाहायला जीवराम ओव्हरसियरला धाडलं.

जीवराम भारी चोख माणूस. थर्मामीटर लावल्याशिवाय स्वतःचा तापही मानायचा नाही. रोज भरलेला हौद संध्याकाळी कोरडा कसा, असं त्याने विचारलं. सुपडू मोटेचा दोर गुंडाळू लागला. जीवराम काय ते समजला. म्हातारा शेजारच्या मळ्यांना पाणी विकत असणार! 'बंद करावा' असा शेरा पडला की सुपडूची भाकरी जाणार आणि हौदही कायमचा आटणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण उगाच आळ नको म्हणून जीवरामने विहीर-हौदाभोवतीच्या कुंपणाच्या फाटकाला स्वतःचं कुलूप घातलं, डोळ्यांदेखत हौद भरून घेतला आणि काठावरच ठाण मांडलं.

वैशाखातली दुपार, माळ नुसता भाजत होता. बाराच्या सुमारास सुपडूने पागोटं नीट केलं आणि टाचा जुळवल्या.

"साहेब, बाजूले व्हा. आठून त्यासनी वाट शे."

"इथून वाट? कोणाची?"

"जातांना रिसालदार सांगी गया, हौद भरेल ठेव, आम्ही येतस."

वारा पडला. ओल्या चामड्याचा आणि घामाचा वास आला. पाण्यावर एकदम बारा वर्तुळं उठली, एका ओळीत, सारख्या अंतरावर.

पाणी बोटभर उतरलं. वर्तुळं थांबली. जरा वेळाने पुन्हा बारा उठली.

घाई नव्हती, रेटारेटी नव्हती. एक रांग पिऊन मागे सरत होती, दुसरी पुढे येत होती. धुळीत टापेचा ठसा मात्र एकही उमटला नाही.

जीवरामने नकळत टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले.

हौदाचा तळ दिसला.

त्याने तिथेच बसून लिहिलं: पडाव वापरात आहे, हौद भरलेला ठेवावा. लिहिताना खांद्याला काहीतरी ओलं, ऊबदार टेकलं. त्याने मान वळवली नाही.

घरी त्याच्या बायकोने, सुंदरबाईने, कोट झटकायला घेतला. खांद्यावर फेस वाळला होता आणि त्यात चघळलेलं हिरवंगार गवत होतं. ती शेतकऱ्याची लेक. तिने गवत बोटांत चुरगाळलं, वास घेतला, पुन्हा घेतला.

"अहो," ती म्हणाली, "हे गवत आपल्या मुलखातलं नाही."