बोंडू ग्रहावरची पायरी

"ओढ! नाक वर ओढ! साईश, वर!"

"ओढतोय ना मरे! उठतच नाही!"

धाड्! विमानाचं पुढचं चाक कशाला तरी अडलं, शेपूट आकाशात गेली आणि सकाळभर खपून बांधलेला 'बगळा' पाठीवर पडला. लॅपटॉपच्या पडद्यावर लालभडक धूळ उडाली.

"पुन्हा!" ओंकारनं कपाळावर हात मारला. "आज सकाळपासून किती बगळे मारलेस तू?"

"मी नाही मारले! तुझ्या ग्रहानंच पाय आडवा घातला!"

सिद्धी आता पणजीला कॉलेजात शिकते. तिचा मामेभाऊ ओंकार शिकायला बंगळूरला गेलाय आणि तिच्या धाकट्या भावाचा, साईशचा, आवाज इतका फुटलाय, की फोनवर तो बाबांसारखा वाटतो. पण कुठं बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, आंबूस वास आला, की तिला ती मे महिन्याची सुट्टी आठवते. मये गावी मामाच्या घरापुढची थंडगार ओसरी, म्हणजे सोपो, आतून येणारी कमलाक्षीमामीची हाक आणि एका लॅपटॉपसमोर खेटून बसलेली तिघं. त्यानंतर तिघांना एकत्र अशी मोठी सुट्टी पुन्हा कधी मिळाली नाही.

खेळही असा होता, की भूक विसरायला व्हायचं. अनोळखी ग्रहावर विमान उडवून त्याचा शोध घ्यायचा. पण विमान आयतं मिळत नसे. पंख किती लांब, शेपूट कुठं, इंजिन पुढं की मागं, सगळं आपण ठरवायचं. ग्रहावरची हवा विरळ, म्हणून ओंकारनं पंख लांबच लांब केले होते. वजन नाकाकडे झुकलं, की विमान डोकं खाली घालायचं, आणि शेपटीकडे झुकलं, की गिरक्या घ्यायचं. साईशला त्यातलं काही नको होतं. त्याला विमानाला पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीसारखा भोंगा हवा होता!

ग्रहसुद्धा त्यांनी स्वतःच बनवला होता. शांताराममामा खाणींवर ड्रोन उडवून मोजमाप करायचा. खाणीतून काढलेली माती टाकून टाकून गावाबाहेर एक डोंगरच उभा राहिला होता. त्याला सगळे डंप म्हणायचे. मामानं त्याचं दिवाळीच्या सुमाराला मोजमाप केलं होतं. त्याची फाइल त्यानं मुलांना खेळायला देऊन टाकली. ओंकारनं ती खेळात घातली, सगळं दहापट मोठं केलं आणि झाला एक तांबडालाल ग्रह तयार! पिकलेल्या बोंडूसारखा दिसतो, म्हणून नाव ठेवलं बोंडू.

डंपचा माथा सपाट. तीच त्यांची धावपट्टी. तिथं बगळा कितीदा तरी अलगद उतरला होता. मग आजच काय झालं?

"चाकं मोठी करूया," ओंकार म्हणाला.

चाकं मोठी केली. बगळा उलटला! पंख रुंद केले, वेग कमी केला. तरी उलटला!

"बाजूला हो, मी बघते," म्हणून सिद्धीनं विमान हातात घेतलं. तिनं ते उतरवलंच नाही. माथ्यावरून अगदी खालून, हळू, सावली जमिनीवर ओढत नेल्यासारखं नेलं. "ओंकार, ही बघ! इथं पायरी आहे!"

खरंच! माथ्याच्या कडेकडेनं, चंद्रकोरीसारखी वळत गेलेली एक पायरी. पलीकडची जमीन वर, अलीकडची खाली.

"ही काल नव्हती," साईश म्हणाला.

ओंकारनं जीभ चावली. "काल जुनी फाइल होती. आज सकाळी मी नवी घातली. बाबांनी एप्रिलात पुन्हा मोजलंय ना, ती. म्हटलं, ग्रह जरा ताजा होईल!"

 मग ओंकारनं दोन्ही फाइली एकावर एक ठेवल्या. बाकी डोंगर जिथल्या तिथं होता. फक्त एक मोठा तुकडा माथ्यावर खचला होता, आणि खाली पायथ्याशी तोच पोटासारखा पुढं आला होता. पायथ्याला एक छोटा चौकोन दिसत होता. घराचं छप्पर.

"हे देवकीमावशीचं घर," सिद्धी हळूच म्हणाली. "ओंकार, ही खेळातली पायरी नाही. खरी आहे."

चहाचा कप तसाच ठेवून तिघं सायकलींवर निघाली. डंपवर चढायचं नाही, असं सिद्धीनं आधीच बजावलं. देवकीमावशी एकटी राहायची. दारात कोंबड्या, मागं चार माड आणि त्यामागं दगड रचून केलेला गडगा. ती फणसाचे गरे काढत बसली होती.

"गे बाय! मामाकडे आयलंस? बस, गरे खा."

"मावशी, तुझा गडगा बघू?"

"गडग्यात काय बघूचा? घुशींनी पोखरल्यानी, म्हणून फुगलो तो!"

गडगा मधोमध फुगून घराकडे कलला होता. एक माडही तिरका झाला होता, आणि विहिरीचं पाणी गढूळ तांबडं. साईशनं बिळं शोधली. एकही नव्हतं.

"घुशी नाहीत गो इथं," तो सिद्धीच्या कानात म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "डोंगर ढकलतोय."

संध्याकाळी मामा आल्या आल्या तिघांनी त्याला घेरलं.

"मामा, तू ती एप्रिलची फाइल उघडून बघितलीस?"

"मी मोजतो आणि वर पाठवतो. बघायचं काम त्यांचं."

"मग त्यांनी तरी बघितली?"

मामानं मान खाजवली. मग मुलांचं समाधान व्हावं म्हणून त्यानं खाणीवरच्या सुपरवायझरला, शिवदासला, फोन लावला. तिकडून मोठ्ठं हसू आलं. "शांताराम, गेम बघून पोरं डंप तपासतात? अरे, दगडासारखा घट्ट आहे तो! रविवारी माशांचं हुमण खायला येतो, तेव्हा मला पण दाखवा तुमचं विमान!"

"बघा, तो म्हणतोय ना," म्हणून मामा आंघोळीला गेला.

"संपलं!" ओंकारनं सायकलच्या चाकाला लाथ मारली. "पाऊस आला की मावशीचं घर जाईल आणि मग सगळे हळहळतील."

"आपण सांगून ते ऐकणार नाहीत," सिद्धी म्हणाली. "इथं पायरी आहे, हे त्यांच्याच तोंडून निघायला पाहिजे. रविवारी येतायत ना? त्यांना म्हणावं, तुम्हीच विमान उतरवून दाखवा!"

रविवारपर्यंत त्यांनी नवा बगळा बांधला. इतका सोपा, की पहिल्यांदा हात लावणाऱ्यालाही उडवता यावा. पंख आणखी लांब, वजन बरोबर मध्यात. आणि हो, यावेळी साईशचा भोंगासुद्धा!

शिवदासकाका पोट भरून जेवले आणि सोप्यावर टेकले. ओंकारनं टीव्ही बाहेर आणून त्याला लॅपटॉप जोडून ठेवला होता. देवकीमावशीलाही मुलांनी मुद्दाम जेवायला बोलावलं होतं.

"काका, आमच्यापैकी कुणालाच नीट उतरवता येत नाही," सिद्धीनं तोंड पाडून सांगितलं.

"तुम्हाला नाही येणार! मी पंचवीस वर्षं ट्रक चालवलाय. आण इकडं!"

बगळा उडाला. पों पों! सगळे हसले. काका लगेच रंगात आले.

"अरे, हा तर आमचा डंप! हा कोपरा, हा रस्ता... बरोब्बर! इथं मी डोळे मिटून उतरवतो!"

धाड्! बगळा पाठीवर.

"पुन्हा!" काका पुढं सरकून बसले. आता त्यांनी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून विमान खाली आणलं. चाकं टेकली. बगळा धावला, धावला... आणि त्याच जागी अडखळून कोलमडला!

"छे!" काकांनी मांडीवर थाप मारली. "परत फुटली वाटतं ती भेग! मार्चात तर माती घालून बुजवली होती!"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. 

काकांच्या हातातला कंट्रोलर हळूच खाली आला. आपण काय बोलून गेलो, ते त्यांना तेव्हाच कळलं.

"शिवदास," मामा म्हणाला, "भेग होती? आणि तू मला बोलला नाहीस?"

"उन्हानं तडकली असेल, असं वाटलं..."

"आणि मी," मामा टीव्हीकडे बघतच म्हणाला, "मी स्वतः मोजली आणि उघडूनसुद्धा बघितली नाही." तो उठला. "चल, ऊठ. आत्ताच्या आत्ता."

दोघं मोटारसायकलवरून गेले, ते चहाच्या वेळेला परतले. काकांच्या चपला लाल धुळीनं माखल्या होत्या. भेग माथ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती आणि कडेकडचा भाग वीतभर खाली बसला होता.

दुसऱ्या दिवशी खाणीचे इंजिनीअर आले. त्यांनी ओंकारच्या पडद्यावर दोन्ही फाइली एकावर एक बघितल्या, गडगा बघितला आणि देवकीमावशीला तिथून हलायला सांगितलं. मावशी काही ऐकेना!

"माझ्यो कोंबयो कोण बघतलो?"

"मी!" साईश म्हणाला, आणि खरोखरच एकेक कोंबडी काखेत धरून तो मामाच्या घरी पोचवत राहिला. एक निसटली, ती पकडताना तो विहिरीजवळच्या चिखलात बसला. मावशीला हसू आलं आणि शेवटी तीही निघाली.

मग यंत्रं आली. डंपचा खचलेला माथा उतरवला गेला, गडग्याच्या मागं मोठा चर खणला गेला. मुलं रोज लांबून बघत बसायची. काम संपता संपता सुट्टीही संपली. बाबा न्यायला आले, तेव्हा ओंकार बस दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभा होता. घरी, कोरगावला, पोचेपर्यंत सिद्धी आणि साईश खिडकीतून मागंच बघत राहिली.

आषाढात मामीचा फोन आला. चार दिवस पाऊस सारखा कोसळत होता आणि उरलेली माती एका दुपारी खाली आली. सगळी चरात जाऊन बसली. गडगा पडला, तिरका माड गेला. घराला ओरखडाही नाही!

दिवाळीत तिघं पुन्हा मयेला भेटली. त्याच सुमारास देवळात गाव जमला होता. तिथं शिवदासकाका सगळ्यांसमोर उभे राहिले. असं बोलायची त्यांना सवय नव्हती. "भेग माझ्या पायाखाली होती आणि मी तिच्यावर माती ओढली," ते म्हणाले. "या पोरांनी ती शोधली. मी हसलो, तरी सोडली नाही." मामानं तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि इंजिनीअरसाहेबांनी ओंकारला विचारलं, "पुढं काय शिकणार आहेस?"

पण सिद्धीला आठवते, ती त्यानंतरची संध्याकाळ. मामानं नुकतंच नवं मोजमाप केलं होतं. यावेळी त्यानं स्वतः दोनदा तपासून फाइल मुलांच्या हाती दिली. देवकीमावशी, घरून मुद्दाम नेसूचं बदलून, टीव्हीसमोर येऊन बसली. तिला आपलं घर वरून बघायचं होतं!

सिद्धीनं बगळा उडवला. बोंडू ग्रहाचा डोंगर आता बुटका झाला होता. त्याला वळसा घालून विमान पायथ्याकडे आलं. तिथं तो छोटा चौकोन होता, जागच्या जागी.

"ह्या माझा घर?" मावशी पुढं वाकली. "इतक्या ल्हान?"

"वरून सगळं लहानच दिसतं मावशी."

 मग मावशीनं सिद्धीच्या पाठीवर हात ठेवला.

"वांयच खाली घे गो बाय," ती म्हणाली. "माझ्यो कोंबयो दिसतत काय बघूया."