घडीचं स्टँड

तिसरीची मुलं लाकडी गाडीच्या सांगाड्यात खिळे ठोकत होती, त्यामुळे दार वाजलेलं मला ऐकूच आलं नाही. मान वर केली तर दारात एक उंच माणूस कानांवर हात ठेवून उभा.

"मी शेजारच्या वर्गात गाणं शिकवतो," तो म्हणाला. "गाण्याच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, त्यांच्या जागी. तुमची मुलं आमच्या गाण्यात खिळे ठोकतायत."

"तुमची मुलं आमच्या खिळ्यांत गातायत."

त्याने जरा विचार केला. "मग निदान तालात तरी ठोका."

दुसऱ्या दिवशी आम्ही तालात ठोकलं. भिंतीपलीकडचं गाणं क्षणभर थांबलं... आणि हसत हसत पुन्हा सुरू झालं.

मी प्राथमिक शाळेतल्या मुलांना वस्तू बनवायला शिकवते. कोणासाठी बनवायची ते ठरवायचं, कागदावर काढायची, आधी पुठ्ठ्याची, मग लाकडाची करायची आणि शेवटी वापरून बघायची. माझ्या अंगावर सतत भुसा असतो. शिक्षकांच्या खोलीत तो इतरांच्या डब्यांत पडतो, म्हणून मी माझ्याच वर्गात, करवतीच्या टेबलाशी जेवते. संध्याकाळी भाड्याची खोली आणि आईचा फोन — "जेवलीस, की नुसते पुठ्ठेच चिकटवत बसलीस?" जेवले, असं सांगते. आईने फोन ठेवला की खोलीत जी शांतता होते, ती सकाळपर्यंत हलत नाही.

त्या तालानंतर तो डबा घेऊन माझ्याकडे यायला लागला. मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसला की त्याचे गुडघे पार छातीशी यायचे.

"खुर्ची देऊ?"

"नको. इथून तुम्ही मोठ्या दिसता. जरा धाक वाटतो."

"गाणाऱ्या माणसाला धाक हवाच."

"तो मिळतोय. ठोकाठोकीच्या बाईंकडून."

मी हसू लपवायला डब्यात बघायचे. त्याच्या बाहीवर भुसा बसायचा. तो झटकायचा नाही, तसाच घेऊन गाण्याच्या वर्गात जायचा.

माझ्या वर्गाच्या भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : आधी विचारा, मग बनवा. एकदा मुलांनी फाटकावरच्या शिपाईमामांसाठी पुठ्ठ्याचं छप्पर बनवलं होतं, न विचारता. मामांनी ते कौतुकाने डोक्यावर धरलं आणि म्हणाले, "लेकरांनो, डोकं कोरडंच असतं माझं. पाय भिजतात."

रजेवरच्या बाई परत येणार असं कळलं, तेव्हा मी त्याच्यासाठी स्टँड करायला घेतलं. गाण्याचे कागद ठेवायला — हलकं, बिजागरीवर दुमडणारं, प्रवासाच्या पिशवीत मावेल असं. जाणारच आहे, तर निदान सोयीने जावा.

तिसरीतली एक मुलगी भारी आगाऊ आहे. सगळे तिला वकीलबाई म्हणतात. तिने स्टँड उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाई, सरांना विचारलंत का, त्यांना काय हवंय?"

"नाही गं. हे सरप्राइज आहे."

"शिपाईमामांचं पण सरप्राइजच होतं," वकीलबाई म्हणाली आणि गोंद आणायला गेली.

त्याच्या शेवटच्या दिवशी, डबे उघडायच्या आधी, मी स्टँड टेबलावर ठेवलं. त्याने ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बिजागरी जराही कुरकुरली नाही. कुरकुरली असती तर बरं झालं असतं... तेवढाच काही आवाज.

"सुरेख झालंय," तो म्हणाला. "प्रवासाला अगदी सोयीचं."

"त्यासाठीच केलं."

"मोठ्या बाईंनी मला इथेच राहायला सांगितलंय. गाण्याला अजून एक शिक्षक हवाय." तो स्टँडकडेच बघत होता. "आज शाळा सुटेपर्यंत कळवायचंय. मी थांबलो होतो... वाटलं, कुणीतरी विचारेल. पण इथे जो तो माझं सामानच बांधून देतोय."

त्याने मान वर केली नाही. माझी मात्र नजर भिंतीकडे गेली. माझंच अक्षर, मीच चिकटवलेलं.

"तुम्हाला काय हवंय?"

"हेच. पण न दुमडणारं." मग हळूच म्हणाला, "आणि तुम्हाला? तुम्हाला कधी विचारलंय कुणी?"

मी आठवून पाहिलं. आई जेवण विचारते, मुलं कात्री कुठे आहे ते विचारतात. हे कुणी विचारलं नव्हतं. खोलीत जे होतं ते सांगितलं.

"माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसते... दुसरीवर पुठ्ठे असतात."

"जड आहेत?"

"नाही." मी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बिजागरीचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला. "पुठ्ठेच तर आहेत."