डावीकडे वळणारी पाणबुडी

चाचणीच्या टाकीतली छोटी स्वयंचलित पाणबुडी काल पाहुण्यांसमोर भिंतीवर आपटली. टाकीतच ठेवलेल्या स्थानकातल्या चुंबकाचा माग काढत तिने तिथे जाऊन थांबायचं होतं. तिचा प्रोग्राम लिहिणाऱ्या इंजिनिअर ताईंनी आज खासगी गुप्तहेर दाजींना बोलावलं होतं.

"संध्याकाळी समिती बसतेय. माझा प्रोग्राम चुकला असं ठरलं, तर समुद्रावरची दोन वर्षांची मोहीम गेली, नोकरीही गेली."

दाजींचा मेहुणा टाकीत डोकावला. "भिंतीमागे कुणीतरी दुसरं चुंबक ठेवलं असणार, दाजी!"

"पुन्हा सोडून बघू."

स्थानक उजवीकडे ठेवलं, मग समोर ठेवलं. पाणबुडीला उलट्या तोंडानेही सोडलं. दर वेळी ती स्वतःच्या डावीकडेच वळली. मेहुण्याचं दुसरं चुंबक तिथेच बुडालं.

"सगळं उघडून पाहिलं," तंत्रज्ञ वैतागून म्हणाला. "बाहेरची टाचणीसुद्धा सापडली नाही."

"पाण्यात सोडण्याआधी काय करता?"

"लाकडी पाटावर ठेवून गोल फिरवतो. स्वतःच्या अंगातल्या लोखंडाचं चुंबकत्व ती मोजते आणि पुढे प्रत्येक मापातून वजा करते. काल दुपारी पाट मी फिरवला, ताई पडद्यावर आकडे बघत होत्या, साहेबांनी शेपूट धरलं होतं. आजही तेच माप वापरलंय."

साहेब म्हणजे ताईंचा नवरा, याच प्रयोगशाळेतला. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"उघडा हो! काल सकाळी चाललं, दुपारपासून कार्ड मेलंय."

दाजींनी तंत्रज्ञाचं कार्ड दाराला लावून पाहिलं. दार लगेच उघडलं.

"गुप्तहेर?" साहेब आत येत हसले. "बायकोचा माझ्यावर भरवसा नाही वाटतं!"

"शेपूट का धरलं होतंत?"

"पाट डुगडुगतो म्हणून. मदत करणं हाही गुन्हा का?"

"सगळे शोधत होते काय घातलंय ते," दाजी म्हणाले. "इथे तर काढून घेतलं होतं. तुमच्या मुठीत जबर चुंबक होतं. शेपटाबरोबर तुम्ही फिरलात, म्हणून तेही फिरलं. पाणबुडीला ते आपलंच अंग वाटलं. पाण्यात ती नसलेलं चुंबक वजा करत बसली, म्हणून कायम एकाच बाजूला ओढली गेली."

"पुरावा?"

"ते चुंबक तुम्ही छातीवरच्या, कार्डाच्याच खिशात टाकलंत. कार्डाची चुंबकी पट्टी पुसली गेली."

मेहुण्याला कुठे बघावं कळेना.

"दोन वर्षं तू गेली असतीस," साहेब ताईंना म्हणाले. "हरलीस तर घरी राहशील, मी समजूत काढीन, असं वाटलं."

"काल काढलीस की. समितीला आता तूच सांग." ताईंचा आवाज चढला नाही. "मला एवढंच सांग, तुझ्या छातीशी तोंड खुपसून मी रडत होते, तेव्हा ते खिशातच होतं का रे?"